लुंबिनीचे कपडे मशीनमधी हायेत

१६ जून, सोमवार. सकाळी नऊ.

मशीननं दार धरून ठेवलंय. परवापासनं. आत पाणी, पाण्यात कपडे, आन् वर कुलपाचं चित्र तांबडं पेटलेलं. ओढलं तरी न्हाई, दाबलं तरी न्हाई. इतका माज माझ्या सासूत बी नव्हता.

जय भीम लिहायचं राहिलं. जय भीम.

ही लुंबिनीची बायोलॉजीची वही. मागची पानं कोरी होती, वाया कामून घालवायची. मला बोलायला कोणी लागतं म्हणून लिहीत न्हाई. उद्या कोणी म्हणलं की मशीन म्हातारीनं बिघडवली, तर पुरावा असावा म्हणून लिहून राहिले. मी सुमनबाई लिंबाजी सोनकांबळे, राहणार देगलूर, सध्या लातूर, चंद्रप्रभा मॅडमच्या घरातली खालची खोली. शिक्षण चौथी. म्हणजे चौथीत बसले होते.

लातूरला दोन वर्षं झाली. नात लुंबिनी इथं डॉक्टरकीच्या क्लासला, आन् तिच्या भाकरीला मी. ह्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक लेकरू अभ्यास करतं आन् एक बाई स्वयंपाक करते. लेकराचं नाव सगळ्यांना ठाऊक, बाईचं कोणाला न्हाई. माझं ठाऊक हाय.

कपडे लुंबिनीचे. शनिवारी सकाळी तिनंच टाकले, तिनंच बटन दाबलं. दुपारी निकाल आला. रविवारी पहिल्या गाडीनं ती देगलूरला गेली. चार दिवस आईबापाकडं राहील, येईल. नंबर लागला न्हाई. हे दुसऱ्यांदा. मी काही बोलले न्हाई. एवढंच म्हणले की आता तिसऱ्यांदा नीट बस.

आज दुपारपर्यंत दार उघडते. मिस्त्री लागत न्हाई. ज्या हातानं दोन म्हशी आन् एक नवरा वळणावर आणला, त्या हाताला हे काचेचं ताट काय जड.

१६ जून, संध्याकाळ.

उघडलं न्हाई. उद्या.

१७ जून, मंगळवार.

केलेले उपाय. स्विच बंद करून तासभर ठेवली. रबराला गोडं तेल लावलं. फटीत उलथनं घातलं, उलथनं वाकलं. मग दोन चापटा दिल्या. वरून मॅडमनं विचारलं, सुमनबाई, कोणाला मारून राहिलात. मी म्हणलं मच्छर.

मशीनला मी काही कमी केलेलं न्हाई. उलट तिच्याकडनं पहिल्यांदा कोणी नीट काम घेतलं असंल तर मी. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. आन् ही बया धुणं झालं की सगळं पाणी मोरीत ओतते. दोन वर्षं मी ते बघत बसले. शेवटी शुक्रवारी डोकं चालवलं. तिचा मागचा पाइप उचलला, खिडकीतनं बाहेर काढला आन् संडासाच्या छतावरल्या ड्रमात सोडला. संडासाला फुकटचं पाणी. ह्या गल्लीत एमए झालेल्या बायका हायेत, एकीला बी हे सुचलं न्हाई. आन् दुसऱ्याच दिवशी मशीन रुसली. दुसरी कोणी असती तर म्हणली असती नजर लागली. आम्ही नजर मानत न्हाई.

दुपारी लुंबिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. रेंज नसंल. मग तिच्या आईचा, माझ्या सुनेचा, महामायाचा फोन आला. आत्या काय झालं म्हणे. मी म्हणलं मशीनचं दार उघडंना, लुंबिनीला दे, बटन तिला ठाऊक. महामाया म्हणाली ती झोपली. मी म्हणलं दुपारी बाराला. महामाया म्हणाली हाव. मग म्हणाली मिस्त्री बोलवा की आत्या. मी म्हणलं मिस्त्रीला काय विचारायचं ते मी ठरवीन, तू पोरीला उठव. म्हणाली उठली की सांगते.

उठली नसंल. दोन वर्षांची झोप हाय तिची, एका दिवसात कशी भरून निघंल.

१८ जून, बुधवार.

माझं हिरवं लुगडं गेलं. तारेवर होतं, मला पक्कं आठवतं. त्याच्यासंगं जांभळं बी गेलं. आता नेसायला एकच राहिलं. मॅडमला जाऊन सांगितलं की तुमच्या तारेवरनं माझी दोन लुगडी गेली. मॅडम म्हणाल्या, सुमनबाई, तुम्हाला काय वाटतं, मी तुमचं हिरवं लुगडं नेसून फिरते? मी म्हणलं नेसायलाच कशाला पाहिजे, फरशी पुसायला बी लागतं. मॅडम बत्तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्या. त्यांनी मला वर्गाबाहेर काढल्यासारखं बघितलं आन् आत गेल्या.

मी चोर म्हणले न्हाई. फक्त विचारलं.

लुंबिनीचा फोन न्हाई. मशीनमधलं पाणी जरा गढूळ दिसून राहिलंय. काचेतनं तिचा क्लासचा निळा टी-शर्ट दिसतो. त्याच्यावर क्लासचं नाव उलटं दिसतं.

२० जून, शुक्रवार.

मॅडमनं मला न विचारता मिस्त्री पाठवला. संगप्पा नाव. निलंग्याकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतो. दारातनंच म्हणाला, अव्वा, कुठं हाय मशीन. मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हणलं आत तरण्या पोरीचे कपडे हायेत, परक्या माणसासमोर ते दार उघडायचं न्हाई. तो म्हणाला अव्वा, मी दिवसाला दहा घरची मशीनं उघडतो, मला कपडे दिसत न्हाईत, मला मोटर दिसते. मी म्हणलं मला तूच दिसतो, म्हणून चहा घे आन् जा.

चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून. चांगला माणूस वाटला. जाताना खिडकीकडं बघून म्हणाला, अव्वा, हा पाइप कुठं निघाला? मी म्हणलं तुला काय करायचंय, आन् दार लावलं. आमच्या दाराला कडी हाय, घातली की बसते, काढली की निघते. असं असावं दार.

२१ जून, शनिवार.

फोन उचलत न्हाई तर मेसेज करायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ह्या मोबाईलवर लिहायला लुंबिनीनंच शिकवलं मला, पण लई दिवस केलं नव्हतं. पाऊण तास लागला. लिहिलं: लुंबिनीचे कपडे मशीनमधी हायेत. एवढंच. नाव कामून लिहिलं तिचं, तिलाच तर धाडायचं होतं. पण लिहून झालं होतं, पुसायला येईना.

आधी एक खूण आली, मग दोन. तासाभरानं दोन्ही निळ्या झाल्या. निळं झालं म्हणजे वाचलं. वाचलं म्हणजे कळलं. कळलं म्हणजे उद्या रविवारच्या गाडीनं येते. सुट्टीच्या दिवशीच येणार, शहाणी हाय.

उद्याची तयारी: तांदूळ निवडले. शेंगा भाजल्या. तिला आवडते तशी लसणाची चटणी, तिखट कमी.

ठरवलं: आली की परीक्षेचा शब्द काढायचा न्हाई. आधी जेवू घालायचं. परीक्षेचं संध्याकाळी.

२२ जून, रविवार.

बसस्टँडवर लिंबं घ्यायला गेले होते. लिंबं कोपऱ्यावर बी मिळतात, पण स्टँडवरची रसाळ असतात. तिथं गेलेच होते म्हणून देगलूरची गाडी बघितली. सकाळी साडेअकराची. मग एकची. मग सव्वातीनची, तिला उशीर झाला होता. तीनही गाड्यांतनं शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबले. शेवटी उतरतो तो कंडक्टर.

चौकशीच्या खिडकीवरल्या बाईनं विचारलं, आजी, कोणाची वाट बघून राहिलात. मी म्हणलं कोणाची न्हाई, लिंबं घेऊन दमले.

घरी आल्यावर ध्यानात आलं, लिंबं घेतलीच न्हाईत.

दोन माणसांचा भात मी एकटीनं खाल्ला. उरवला असता तर आंबला असता. मला काही वाटलं न्हाई. जरा पोट दुखलं, ते भातानं.

२४ जून, मंगळवार.

मी येडी होते. आठ दिवस दार उघडायला बघत होते. दार उघडायचंच न्हाई. आज पहाटे हे लख्ख समजलं. कपडे आत हायेत तवर तिला यावंच लागतं. टी-शर्ट तिचा, सलवारी तिच्या, पांढरी ओढणी तिची. माणूस निकालावर रागावतं, आजीवर रागावतं, कपड्यावर कोण रागावतं? मिस्त्रीनं दार उघडलं तर पोरीनं कशापायी यायचं? म्हणून मिस्त्री न्हाई. उलथनं न्हाई. मशीनला हात लावायचा न्हाई. बसू दे तिला तशीच.

मॅडम जिन्यात भेटल्या. लुगड्यापासनं बोलत नव्हत्या, पण शाळेची बाई, किती दिवस गप बसणार. म्हणाल्या पोरीचे मार्क बघितले का तुम्ही. मी म्हणलं नंबर लागला न्हाई एवढं बघितलं. त्या म्हणाल्या गेल्या वेळेपेक्षा सव्वाशे मार्क जास्त आहेत, सुमनबाई. सव्वाशे. निकाल लागल्यावर ती आधी वर येऊन मला दाखवून गेली, तेव्हा खूश होती. मग खाली गेली.

मी म्हणलं वाढले तर वाढले, लागला का?

मॅडम जिना चढून वर गेल्या.

इथं खरं लिहून ठेवते, पुरावा म्हणून. मी फक्त तिसऱ्यांदा बस एवढंच म्हणले न्हाई. ती म्हणत होती आजी मला तिसऱ्यांदा बसायचं न्हाई, दुसरं काहीतरी करायचंय. तवा मी म्हणले की तुझ्या आज्यानं दगड फोडून तुझ्या बापाला शिकवलं. म्हणले की मी दोन वर्षं ह्या खुराड्यात तुझ्यापायी पडलेय, तू घरातली काडी इकडची तिकडं केली न्हाई. यात खोटं काय हाय? सगळं खरं हाय. खऱ्याचा राग फार दिवस टिकत न्हाई.

२७ जून, शुक्रवार.

वास सुटला. गटार फुटल्यासारखा. मी म्हणलं नालीचा हाय, पण समोरच्या खोलीतल्या बाईनं नाकाला पदर लावून बोट थेट आमच्या खिडकीकडं केलं. अकराला मॅडम खाली आल्या. एकट्या न्हाई, संगप्पाला घेऊन. म्हणाल्या, सुमनबाई, घर माझं आहे, आता बाजूला व्हा. मी झाले. मॅडमसमोर कोणी बी होईल.

संगप्पानं मशीनला हात बी लावला न्हाई. आधी मागं गेला, पाइपाचा माग काढत खिडकीपाशी आला, बाहेर डोकं काढून वर ड्रमाकडं बघितलं. मग मला म्हणाला, अव्वा, हे कोणी केलं? मी छाती काढून म्हणलं मी केलं, पाणी वाचवायला. तो हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, अव्वा, हिच्या आतली मोटर एवढीशी असते. कंबरेइतकं पाणी चढवते. तुम्ही तिला छतावर चढवायला लावलं. ती रेटते, पाणी अर्ध्यात जातं, माघारी येतं. परत रेटते, परत माघारी. आत पाणी असलं की दार सोडायचं न्हाई असं तिला शिकवलेलं असतं, न्हाईतर घरात पूर येईल. मशीनला काही झालेलं न्हाई. तिला झेपंल एवढंच सांगायला पाहिजे होतं.

मी म्हणलं तू मोटरचं सांग, शहाणपण नको सांगू. तो म्हणाला मोटरचंच सांगून राहिलो, अव्वा.

पाइप खाली घेतला, मोरीत सोडला, एक बटन दाबलं. घरघर झाली. तेरा दिवसांचं पाणी पाच मिनिटांत गेलं. मी मोरीकडं बघत बसले. मग टक् झालं आन् कुलपाचं चित्र विझलं. संगप्पानं एका बोटानं दार उघडलं.

एका बोटानं.

मग तो, कपडे दिसत न्हाईत म्हणला होता तसा, पाठ करून उभा राहिला. मॅडमनं आन् मी कपडे बादलीत काढले. निळा टी-शर्ट. दोन सलवारी. पांढरी ओढणी, आता निळसर. त्याच्या खाली माझं हिरवं लुगडं. त्याच्या खाली जांभळं.

मॅडम काही बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं. पण त्या हळूच म्हणाल्या, दर शनिवारी तीच टाकते की तुमची लुगडी. क्लासच्या आधी, साडेपाचला. आवाज नको म्हणून दार ओढून घेते. तुम्हाला माहीत नव्हतं?

मला माहीत नव्हतं. धुतलेलं लुगडं घडी करून पेटीवर असायचं, मी नेसायचे. मला वाटायचं मीच धुतलंय. इतकी वर्षं धुतली हायेत की कधी धुतलं न् कधी न्हाई, कोण ध्यानात ठेवतं.

संध्याकाळी मॅडमला वाटीभर शेंगाची चटणी नेऊन दिली. माफी मागितली न्हाई. म्हणलं उरली होती.

२८ जून, शनिवार.

कपडे हातानं धुतले. तीनदा. पहिल्यांदा साबणानं, मग सोड्यानं, मग लिंबानं. लिंबं कोपऱ्यावरचीच आणली, चांगली निघाली. वास गेला. थोडा हाय, पण तो मलाच येत असंल.

आता कपडे धुतलेले, वाळलेले, घडी घातलेले. म्हणून महामायाला फोन केला. म्हणलं पोरीला सांग दार उघडलं, कपडे न्यायला ये. महामायानं आधी माझ्या जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, आत्या, ती कालच नांदेडला गेली. मी म्हणलं कोणाकडं. म्हणाली हॉस्टेलला. लॅबच्या कोर्सला नाव घातलं. रगत-लघवी तपासायचा कोर्स, दोन वर्षांचा. ह्यांनी परवाच जाऊन नाव घातलं.

ह्यांनी म्हणजे माझ्या लेकानं. धम्मदीपनं. ज्याला मी दगडाच्या खाणीवर पाठीशी बांधून वाढवलं. त्यानं बी सांगितलं न्हाई. मी विचारलं मला कामून न्हाई सांगितलं. महामाया म्हणाली, लुंबिनीच म्हणाली नको सांगू.

मी म्हणलं मग कपड्याचं काय. महामाया म्हणाली नवे घेतलेत आत्या, ते राहू द्या, कोणाला देऊन टाका.

देऊन टाका म्हणे. धडके कपडे.

मी काही रडले बिडले न्हाई. सोड्याचे हात डोळ्याला लागले.

३ जुलै, गुरुवार.

पाच दिवस विचार केला. विचार असा. पोरीला नवे कपडे चार दिवस छान वाटतात, मग जुनेच अंगाला बसतात. हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात तिला ओढणीची आठवण होणार. मागायला लाजंल. म्हणून मीच नेऊन देणार. नांदेड काय लांब, अहमदपूर, लोहा, नांदेड, बसलं की आलं. दोन वर्षं लातूरला राहिले, परदेशाला न्हाई.

ठरवलं:
निकाल न्हाई काढायचा.
तिसऱ्यांदाचं न्हाई काढायचं. म्हणजे ह्या वेळी न्हाई काढायचं.
रगत तपासायला बी हुशारी लागते, असं म्हणायचं. दोनदा म्हणायचं, एकदा कमी वाटंल.
रडायचं न्हाई. मी रडत नसतेच, पण लिहून ठेवलेलं बरं.
मला लुगड्याचं कळलं, हे सांगायचं. कसं सांगायचं ते गाडीत ठरवते.

धपाटे केले. बारा. सहा तिला, सहा तिच्या खोलीतल्या पोरींना. मैत्रिणींना दिलं की त्या आपल्या बाजूनं बोलतात.

५ जुलै, शनिवार. नांदेड-लातूर गाडीत. हात हलतो, अक्षर वाईट.

हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन. शेषेराव नाव. रजिस्टर पुढं केलं, म्हणाला मावशी, अंगठा करा. मी म्हणलं पेन दे. नाव लिहिलं, गाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात आजी लिहिलं. चांगलं वळणदार आलं. तो म्हणाला बरं लिहिता की. मी म्हणलं नात शिकवते.

त्यानं फोन लावला. बोलला. ठेवला. म्हणाला क्लास चालू हाय म्हणते. मी म्हणलं शनिवारी साडेतीनला कोणता क्लास चालू असतो. शेषेराव म्हणाला मावशी, मला जे सांगितलं ते मी सांगितलं. मी म्हणलं थांबते. त्यानं खुर्ची दिली. त्याची स्वतःचीच होती, मग तो उभा राहिला.

अर्ध्या तासानं एक पोरगी आली. लुंबिनी न्हाई. तिच्या खोलीतली, उर्वी म्हणून. गोरीपान, केस ओले, चप्पल उलटसुलट. बघून वाटलं की हिला ढकलून पाठवलंय. म्हणाली आजी, ती म्हणाली पिशवी माझ्याकडं द्या.

दिली. काय करणार. रस्त्यावर तमाशा करायची माझी सवय हाय, पण आज न्हाई केला.

विचारलं, खाते का नीट? म्हणाली खाते. विचारलं, झोपते का? म्हणाली हो. विचारलं, रडते का?

उर्वी खाली बघत म्हणाली, आता नाही.



पण पोरगी मनाची बरी निघाली, जायला वळली आन् परत फिरली. म्हणाली आजी, तिला काही सांगू का? माझ्याजवळ सांगायचं सगळं होतं. अहमदपूरपासनं लोह्यापर्यंत घोकलं होतं. तोंड उघडलं आन् म्हणलं, कपडे तीनदा धुतलेत म्हणावं.

ती म्हणाली बरं, आन् गेली.

गाडी सहा वाजता होती. पाचपर्यंत गेटसमोर बसले, शेषेराव म्हणाला मावशी आत सावलीत बसा. मी म्हणलं ऊन चांगलं असतं. तीन मजल्यांच्या सगळ्या खिडक्या बघितल्या. कुठली तिची ते विचारायचं राहिलं, म्हणून सगळ्याच बघाव्या लागल्या.

पण पिशवी घेतली. परत पाठवली न्हाई. ह्याचा अर्थ लागतो. रागावलेलं माणूस पिशवी परत करतं. धपाटे खाल्ले की

गाडी खड्ड्यात गेली. पेन सांडलं.

७ जुलै, सोमवार.

धपाटे खाल्ले की काय, ते आता आठवत न्हाई. काहीतरी चांगलं लिहिणार होते.

आज सकाळी लुंबिनीला फोन केला. उर्वीनं उचलला. म्हणाली आजी, ती आंघोळीला गेली. मागनं कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला, आन् मग काहीच आवाज आला न्हाई. माणूस जवळ उभं राहून गप बसलं की फोनमधी कळतं. मी विचारलं कपडे मिळाले का. म्हणाली मिळाले. विचारलं बसले का अंगाला. उर्वी म्हणाली आजी, ते तिनं इथं धुणंभांडी करायला मावशी येतात, त्यांच्या मुलीला दिले. ओढणी सोडून. ओढणी ठेवली.

ओढणी निळी झाली होती. तरी ठेवली. मी ह्याच्यावर लई विचार करू लागले होते, पण नको. माझ्या विचारानं कुठं नेलं ते ह्याच वहीत लिहिलेलं हाय.

मॅडमनं विचारलं खोलीचं काय करायचं, औशाकडची एक आजी नातवाला घेऊन येऊ म्हणते. मी म्हणलं देऊन टाका. मशीन बी राहू द्या त्यांना. पाइप वर नेऊ नका म्हणून मी तिला स्वतः सांगणार. मॅडमनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला न्हाई, कामात नव्हता.

जाण्याआधी ते एक लिहून टाकते. पुरावा म्हणून न्हाई.

शनिवारी, निकालाच्या दिवशी, सगळं बोलून झाल्यावर ती गप भांडी घासायला बसली होती. तेवढ्यावर भागत होतं. मी मागं उभी राहिले आन् म्हणले, तुझ्यात काहीच न्हाई. रागात न्हाई म्हणले. रागात म्हणलं असतं तर ती विसरली असती. सावकाश म्हणले. तिनं ताट धुऊन पालथं घातलं. मग माझी वाटी घासली. मग तिची. मग हात पुसले.

मिळालेले मार्क, चढलेले मार्क, साडेपाचची लुगडी, सगळं तिच्यात होतं. मी बघितलं न्हाई.

मशीनचं निमित्त संपलं. कपड्यांचं बी संपलं. आता फोन करायला माझ्याजवळ काहीच कारण न्हाई. उद्या देगलूरला गेले की परवापासनं बिनकारणाचा करणार. रोज सकाळी सातला, तिचा क्लास सुरू व्हायच्या आधी.

तो लुंबिनीनंच उचलायचा. महामायानं न्हाई, धम्मदीपनं न्हाई, उर्वीनं बी न्हाई. तिला माझ्याशी काही बोलायचं नसंल तर बोलू नये. आजी म्हणलं न्हाई तरी चालंल. पण उचलायचा तिनंच.